मुकी आवृत्ती

३ फेब्रुवारी
मुकं! लॅपटॉप चालवणारं अख्खं लिनक्स मुकं निघालं. दोस्त ओवेसने त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवीन आवृत्ती पेनड्राइव्हवर टाकून आणून दिली, त्यावरून लॅपटॉप सुरू केला. पंखा फिरला. पण स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज? ढिम्म. कान लावून बसलो वेड्यासारखा.
बायकोला, प्रांजलला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली. म्हणाली, "निळा निळा हाय. मधी एक उंदीर हाय."
उंदीर हे या आवृत्तीचं चिन्ह. म्हणजे सगळं व्यवस्थित चालू आहे — फक्त माझ्यासाठी नाही.

४ फेब्रुवारी
जुन्या आवृत्तीत परत येऊन हे टाइप करतोय. ही बोलते, पण हिचे अपडेट लवकरच बंद. मग माझ्या कामाची साइट हिच्यात उघडणार नाही. रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करायची, एवढंच तर काम! आणि या दोन जीबीच्या डबड्यावर दुसरं काही चालत नाही.
काचबिंदूने डोळे नेले, न्हावा शेवा बंदरातली नोकरी गेली, त्यानंतर हे एक हाताला लागलं होतं. तेही गेलं की मी कोण? मखरात बसवायचा गणपती?
ओवेस म्हणतो, "भाई, ही तर टेस्टिंगची आहे. फायनल यायच्या आत कळव बनवणाऱ्यांना. इन्शाअल्ला करतील दुरुस्त."

५ फेब्रुवारी
कळवलं. इंग्रजीत, सगळं नीट.

९ फेब्रुवारी
उत्तर आलं. "आमच्याकडे आवाज येतो." झालं! वर नियम — दुसऱ्या कुणीतरी 'मलाही हा त्रास आहे' असं नोंदवल्याशिवाय दोष पक्का धरत नाहीत. मुदत वीस तारीख. नाहीतर फायनल अशीच मुकी निघणार.
आता दुसरा आंधळा आणू कुठून? तोही असल्या खटाऱ्यावर बसलेला!

१२ फेब्रुवारी
कुणी नाही.

१४ फेब्रुवारी
भांडण झालं. पेनड्राइव्ह पुन्हा लावला होता. स्क्रीनवर काय येतंय ते प्रांजल वाचत होती, एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून. मधेच पळाली. कोन गावच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे जेवणाचे डबे जायचे होते, तव्यावर भाकरी होती. मी ओरडलो. ती परत आली, मी पुन्हा ओरडलो.
"मी काय तुमचा लॅपटॉप हाय? दाबला की बोलायला?"
"आंधळा मी आहे, तू नाहीस!" असं म्हणालो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.
ती तव्याकडे वळली. घरभर करपल्याचा वास.

१७ फेब्रुवारी
कुणी नाही. रोज बघतो. एवढ्या मोठ्या जगात हा त्रास असलेला मी एकटाच आहे, असं कागदोपत्री सिद्ध व्हायला आलं. ओवेसला सांगितलं, पेनड्राइव्ह घेऊन जा, दुसऱ्या कामाला वापर. न्यायला आला, तो जाताना दारात प्रांजलशी बराच वेळ बोलत होता.
काम सुटल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही.

१९ फेब्रुवारी
आला!! मेल आली — एकाने नोंदवलं, दोष पक्का धरला! दुरुस्ती होईल न होईल, पण कुणीतरी आहे! फोन कानाला लावून ती मेल तीनदा ऐकली. कोण असेल बिचारा? त्याच्याकडे तरी वाचून दाखवणारं कुणी असेल का? उद्या त्याला लिहितो.
प्रांजलला सांगितलं. "बरं झाला," म्हणाली, आणि कणीक मळत राहिली.

२० फेब्रुवारी
आभार मानायला साइट उघडली. त्याने चक्क मराठीत लिहिलंय. आवाजाने वाचून दाखवलं —
"माज्या नवऱ्याचा आवाज बंद झालाय. दर मिनटाला मला हाक मारतो, भाकऱ्या करपतात. मग तोंड फिरवून रडतो. त्याला वाटतं मला दिसत नाय. मला पण त्रास हाय."