मुळं दिसली पाहिजेत

३ मार्च
ही आज मुलीकडे गेली. मुलीचं बाळंतपण, सहा आठवडे. सूचना एकच: खिडकीतल्या गुलाबाला दिवसाआड तांब्याभर पाणी, बाकी हात लावायचा नाही. सासूबाईंच्या दारातल्या झाडाची ही फांदी. सासूबाई गेल्या, घर विकलं, नव्या मालकाने अंगणात फरशी घातली. आईचं म्हणून हिच्याकडे आता एवढंच. जिन्यातून परत वर आली आणि म्हणाली, अहो, खरंच हात लावू नका. मी म्हटलं, माझ्यावर सोड. टॅक्सीत बसताना रडत होती. मुलीच्या काळजीने असणार.

६ मार्च
पाणी घातलं. पण ते जातं कुठे? कुंडी मातीची, आत काय चाललंय कुणाला ठाऊक. एकतीस वर्षं एक्स-रे काढतोय. वरून ठणठणीत माणसं आतून कशी असतात ते मला विचारा. न बघता विश्वास ठेवणं आपल्याला जमत नाही. पानं फारच टवटवीत आहेत. मला तर हेच संशयास्पद वाटतं.

९ मार्च, दुपारी १.२०
लंच टाइममध्ये कुंडी आमच्या एक्स-रे सेंटरवर नेली. मशीन नावाशिवाय चालत नाही, म्हणून टाकलं: गुलाब, स्त्री, वय ४. प्लेटवर दोन गोटे आणि एक खिळा. मुळं नाहीत. माती आड येते.

१० मार्च
रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमनी कळवलं: चार वर्षांच्या मुलीच्या पोटात खिळा, ताबडतोब ॲडमिट करा. अर्धा तास रिसेप्शनवर गुलाबच्या आईवडिलांचा नंबर शोधत होते. शेवटी मीच खरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, लेखी द्या. दिलं. संशोधकाला हे भोगावंच लागतं.

११ मार्च
उपाय सापडला! काचेची बरणी. रुंद तोंडाची, माळ्यावर पडून होती. मुळं दिसतील, पाणी दिसेल, सगळा कारभार पारदर्शक. हातच्या काकणाला आरसा कशाला? जगात एवढे लोक झाडं लावतात, एकालाही सुचू नये? उद्या शिफ्टिंग. याला हात लावणं म्हणत नाहीत.

१२ मार्च
शिफ्टिंग यशस्वी. कुंडी फुटली. बरीच मुळं तुटली, जास्तीची असावीत. बरणीला खाली भोक नाही, म्हणून तळाला खडे घातले. नर्सरीवाल्याला फोन करून सांगितलं. म्हणाला, साहेब, पाणी साचेल, काच उन्हात तापेल, शेवाळ धरेल, आणि मुळांना अंधार लागतो. शेवटी म्हणाला, तुम्ही तर त्या झाडाच्या मुळावरच उठलात. माणसाने अचूक ओळखलं. बाकीचे सगळे फुलावर असतात, मी मुळावर.

१७ मार्च
काचेला आतून हिरवा थर आला. वाढ! दोन पानं पिवळी पडली, पण एकूण हिरवेपणा धरला तर आपण फायद्यातच आहोत.

२० मार्च, संध्याकाळी ६
नात झाली! व्हिडिओ कॉलवर बघितली. लालबुंद, मुठी वळलेल्या. डोळे भरून आले. मग ही म्हणाली, गुलाब दाखवा. मी म्हटलं, नेटवर्क गेलं. आणि फोन बंद केला. नातीला अजून दोन मिनिटं बघायचं होतं.

२४ मार्च
नर्सरीवाला म्हणाला, निदान बरणीला काळा कागद तरी गुंडाळा. गुंडाळला. सहा वाजता काढून बघितलं, अंधार नीट पोचतोय का. पोचत होता. आठ वाजता पुन्हा खात्री केली.

२८ मार्च
संकल्प: कागद दिवसातून पाचच वेळा काढायचा. अकरा वेळा काढला. बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी आहे, वास येतोय. मुळं पांढरी होती ती तपकिरी झाली. पिकली असावीत. सगळं अगदी स्पष्ट दिसतंय, फक्त काय करायचं ते कळत नाही.

२ एप्रिल
बरणी तिरकी करून पाणी ओतून टाकलं. पाण्याबरोबर गुलाबही बाहेर आला. परत बसवला. आता थोडा डावीकडे कलतो.

६ एप्रिल
एकच पान राहिलं. हिने फोनवर विचारलं, कळ्या आल्या का? याच दिवसांत येतात. पहिलं फूल आई माझ्याच केसांत खोवायची, म्हणाली. मी म्हटलं, येतील. फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसता बसून राहिलो. काल सांगायला हवं होतं. त्याच्या आदल्या दिवशीही. छातीत धडधडत होतं म्हणून दुपारी सेंटरवर स्वतःचा एक्स-रे काढला. नॉर्मल आहे.

१४ एप्रिल
ही आली. चपला न काढता थेट खिडकीशी गेली. मी निरीक्षणाच्या महत्त्वावर चार वाक्यं तयार ठेवली होती. पहिल्यातच अडखळलो. ओरडली असती तर बरं झालं असतं. बरणीजवळ खाली बसली आणि म्हणाली, आईचं एवढंच होतं हो. मी पाणी आणून दिलं, तिने घेतलं नाही.
मग तिने फांदी बुडापासून वरपर्यंत नखाने खरवडून बघितली. टोकाशी बोटभर आत हिरवी निघाली. तेवढीच कापली, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात माती भरली आणि खोचली. मी विचारलं, मूळ फुटलं हे कळणार कसं? म्हणाली, कळत नाही. वाट बघायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाली, आणि यावेळी हात लावलात तर. वाक्य तिने पुरं केलं नाही.

२० एप्रिल
वाट बघतोय. ही रोज सकाळी डब्यापाशी उभी राहते. मी दारातून बघतो. आत यायची परवानगी नाही.

३ मे
कोंब आला! जोंधळ्याएवढा, लालसर. ही हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मला चहाही न मागता मिळाला. देवाशप्पथ, एवढं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

४ मे
नर्सरीवाला म्हणतो, कधी कधी मूळ नसतानाही कोंब येतो, आणि मग वाळतो. हे हिला सांगितलं नाही. बिचारी आशेवर आहे. कुणीतरी खात्री करून घ्यायला हवी. तिच्यासाठीच.

७ मे, सकाळी ९.४०
ही भाजीला गेली आहे. एकच क्षण. अगदी अलगद.

९.४२
आनंदाची बातमी! मूळ फुटलंय. एकच, पांढरंशुभ्र, दोऱ्याएवढं.

९.४५
मूळ माझ्या तळहातावर आहे. फांदी डब्यात परत खोचली. वरून काहीच कळत नाही.

९.५०
ही जिन्यात आहे. शेजारच्या काकूंना सांगतेय, चला ना वर, आईचा गुलाब धरलाय, दाखवते.