वेशीवरच्या दगडातली बाई

आई, आपल्या वेशीवरच्या देवीचा खालचा भाग तू कुणाला दिसू द्यायची नाहीस. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं, आणि त्याखाली तू दर मंगळवारी लिंपलेला शेंदूर. नऊ वर्षांची असताना मी तो नखाने खरवडला. खाली गाढव निघालं, त्याच्याखाली एक बाई. तू मासळीची पाटी टाकून धावत आलीस आणि माझ्या हातावर फटका मारलास. "नको बघू गो तिकडं. आपण बघायचं नाय ते." तीन वर्षांनी तू गेलीस, विचारायचं राहूनच गेलं.

कॉलेजात सरांनी तसल्याच दगडाचा फोटो दाखवला तेव्हा कळलं, ती देवी नव्हेच. शिलाहारांच्या काळातला दानाचा दगड, गधेगळ म्हणतात त्याला. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही जमीन दिली, आणि जो ती बळकावेल त्याच्या आईवर गाढव चढेल, असा शाप. माझे कान तापले. जमीन चोरणार मुलगा, भोगणार आई. बोरिवलीच्या नाक्यावरची पोरं भांडताना आजही एकमेकांच्या आईलाच मध्ये आणतात.

यंदा गावाच्या सभेत देवीला चौथरा बांधायचं ठरलं. पंच म्हणाले, खाडीकडे नव्या कॉलन्या झाल्यात, लोक येतात नि हसतात, खालचा भाग सिमेंटात पुरून टाकू. गावात रंगीत टीव्ही एकच, त्यावरचा सिनेमा गाठायचा म्हणून सगळ्यांना सभा आटपायची घाई. मी उभी राहिले. घरातली पहिली बी.ए., वाटलं, ऐकतील. म्हटलं, "त्या बाईने काय केलंय म्हणून तिला पुरताय? पाप दुसऱ्याचं. लोकांना दिसू दे, आपल्याकडे शिक्षा कुणाला देत होते ते." थोरले काका हसले. "बीए झालीस म्हणून देवीला शिकवतंस काय गो?" बायकाही खाली बघत बसल्या. मग मी म्हणाले, "माझी आय मरताना सांगून गेलीय, तिला पुरू देऊ नको."

बाजारात तुझ्या शेजारी बसायची ती मावशी पदर खोचून उठली. "हिची आय बोलली ना? मंग झालं. उचला ती सिमेंटची घमेली हितनं."

आता चौथरा दगडाच्या मागे आहे आणि ती बाई उघड्यावर. शेंदूर मीच उतरवला. कॉलनीतले लोक थांबून बघतात, तेव्हा मी सगळं सांगते, गाढवासकट. काका माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलले तरी चालेल. तू असतीस तर मला पुन्हा फटका मारला असतास, आणि तरी मी शेंदूर लावला नसता.

मात्र एक गोष्ट गावात कुणाला सांगितलेली नाही. जाताना तू फक्त पाणी मागितलं होतंस.