भाऊजींना मी चुकून मारलं, त्याची हकिकत

ती. ताई,

वाकून नमस्कार. (गुडघा हल्ली अर्ध्यातच थांबतो, तेव्हा उरलेला अर्धा मनातल्या मनात.) तुझी कंबर, कुंड्यांतली झाडं आणि वरच्या मजल्यावरची ती खुर्च्या ओढणारी शेजारीण, सगळ्यांची खुशाली कळव. भाऊजी कसे आहेत? हे नेहमीसारखं रीत म्हणून विचारत नाही. या खेपेला मला उत्तर हवं आहे, आणि शक्यतो त्यांच्याच अक्षरात हवं आहे.

तुला ठाऊकच आहे, निवृत्त होऊन मी सुखानं घरी बसले होते, तर आमच्या पेन्शन खात्यानं मला सल्लागार म्हणून परत बोलावलं. तळघरातलं मोठं यंत्र आता मोडीत काढायचं आहे. ज्याच्यापुढे माझी अख्खी नोकरी गेली आणि ज्याच्या गारठलेल्या खोलीसाठी तू मला जांभळा स्वेटर विणून दिला होतास, तेच ते. आम्ही त्याला सासूबाई म्हणायचो, कारण खोली त्यांना हवी तेवढीच गार लागे आणि एक पूर्णविराम चुकला तर दिवसभर अबोला. (कोबोल म्हणून जी त्यांची भाषा, तिच्यात पूर्णविरामाला फार मान. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनंतर पूर्णविरामाची इतकी कदर करणारं मला दुसरं कोणी भेटलं नाही.) त्यांच्या जागी नवी प्रणाली आली आहे. सध्या दोघी जोडीनं चालतात आणि येत्या शुक्रवारी सासूबाई कायमच्या बंद.

सल्लागार म्हटल्यावर मला वाटलं होतं, मी आत शिरले की चार माणसं उठून उभी राहतील. प्रत्यक्षात मला चाकांची खुर्ची मिळाली. ती मी काही महत्त्वाचं बोलायला लागले की आपोआप मागे सरकते, त्यामुळे माझी बरीचशी मतं भिंतीला टेकून दिली गेली. नव्या कामाची प्रमुख म्हणजे एक चुणचुणीत मुलगी. तिला मी मनात चिमणी म्हणते. (परवा तोंडावरही म्हटलं. ती म्हणाली, "चालेल मॅडम, घरी तर मला म्हैस म्हणतात.") तिनं जुन्या प्रोग्रॅमांची भली मोठी यादी भिंतीवर लावली आणि एकेकावर बोट ठेवून विचारू लागली, ठेवायचा की टाकायचा? ताई, आयुष्यभर मला कुणी भाजी कोणती आणायची हेसुद्धा विचारलं नव्हतं. इथे माझ्या एका शब्दावर प्रोग्रॅम जगत होते नि मरत होते. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि मदर सुपीरियरच्या थाटात निकाल देत सुटले.

त्यात एक छोटा प्रोग्रॅम आला. एखाद्या पेन्शनरची चुकून "मृत" अशी नोंद झाली, तर त्याला पुन्हा जिवंत करणारा. वर्षाकाठी एखाद-दुसऱ्याला त्याची गरज पडायचीच. पण मी म्हणाले, "टाका. एवढ्या नोकरीत मेलेला माणूस परत आलेला मी काही पाहिला नाही." सगळे खो खो हसले. त्या हसण्यासाठी मी तो टाकला गं, दुसरं काही कारण नाही. आपल्या घरात माझ्या विनोदाला कधी कोण हसलंय?

मग मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला आले. सरावासाठी कुणीतरी पेन्शनर हवा होता. मला एकच नंबर तोंडपाठ, भाऊजींचा, कारण त्यांचा हयातीचा दाखला दरवर्षी माझ्याच गळ्यात असतो. चिमणी पुढे होत होती, पण मी म्हटलं, "थांब, मीच करते," आणि माऊस हातात घेतला. नंबर घातला. "मृत" निवडलं. यंत्रानं विचारलं, "नक्की?" एकदा दिलेलं उत्तर बदलायचं नाही हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं. मी ठणकावून "हो" दाबलं. पडद्यावर भाऊजींच्या नावापुढे एक करडी रेघ आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मीही मान लववली.

चिमणी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, ही खरी नोंद होती. सरावाची खिडकी पडद्यावर शेजारची."

"मग कर ना परत जिवंत."

"तो प्रोग्रॅम तुम्हीच टाकलात."

साहेब एव्हाना टाळ्या थांबवून ऐकत होते. "कोण आहेत हे गृहस्थ?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बहिणीचे यजमान," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी माझी खुर्ची मागे गेली.

तर स्थिती अशी आहे. खात्याच्या लेखी भाऊजी वारले आहेत, आणि जिवंत झाले नाहीत तर पहिल्या तारखेला त्यांची पेन्शन येणार नाही. ती आली नाही की पोस्टमनपासून साहेबांपर्यंत कुणाची धडगत नाही, हे तुला मी सांगायला नको.

कृपालोभ आहेच. तो या पत्रानंतरही राहो.

तुझी (अजून असले तर) लाडकी,
धाकटी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. नव्या नियमानं मृत माणसाला जिवंत करायचं तर त्यानं स्वतः खिडकीवर येऊन दिसावं लागतं. मागच्या वेळी फोटोसाठी रांगेत उभं केलं म्हणून भाऊजी काय म्हणाले होते, आठवतं ना? "या इमारतीत यापुढे मला चौघांनी उचलूनच आणावं लागेल." तरी शुक्रवारच्या आत त्यांना चालत आण. कारण काहीही सांग.

ता. क. २ : प्रणाली आपणहून तुला सांत्वनाचं पत्र पाठवील. मजकूर मीच लिहिलेला आहे, म्हणून जरा गोड आहे. भाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस, ते लाल पेननं दुरुस्त्या करून परत पाठवतील.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तोच चिमणी आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या सासूबाईंकडे तो प्रोग्रॅम अजून असेल ना? शुक्रवारपर्यंत त्यांचं म्हणणं नवीला ऐकावंच लागतं." (हे मला सुचायला हवं होतं. कोण सल्लागार आहे इथे?) आम्ही दोघी तळघरात गेलो. मी स्वेटर घातला. बोटांना सगळं आठवत होतं, मलाच नव्हतं. एक ओळ उमटली आणि भाऊजी उठून बसले. त्या यंत्रावर मी चालवलेलं ते शेवटचं काम असेल. तेव्हा आता यायची काहीच गरज उरलेली नाही. तरी ये गं ताई. शुक्रवारी दुपारी ती खोली बंद करताना मला एकटीनं उभं राहावंसं वाटत नाही, आणि तू एकटी प्रवास करत नाहीस. म्हणून एवढंच कर : ते पुन्हा जिवंत झाले आहेत हे शुक्रवारपर्यंत भाऊजींना कळू देऊ नकोस.