पाकिटावरची आजी

शौर्य,

मी मल्लेश्वरमला विठोजीमामाकडे जाते आहे. अकराला तुझ्या एजन्सीचे लोक माझा फोटो काढायला येतील, त्यांना कॉफी दे आणि परत पाठव. रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, बिस्किटांच्या पाकिटावर माझं तोंड छापायचं नाही. तुझा कागद फ्रिजवर आहे, सही केलेली नाही. चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. आधी मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि रागी शंभरात आठ. तेवढी तर माझ्या परातीला चिकटून राहते.

घरी ताटात मुद्दे, तो रागीच्या पिठाचा उकडलेला गोळा, असला की तू मित्रांना दारातूनच परत पाठवायचास, हमालांचं खाणं दिसू नये म्हणून. रेशनच्या दुकानात मिळायची तोवर रागी गरिबांची होती. सरकारने पोस्टरं लावली, भरडधान्याचं वर्ष साजरं केलं, आणि तुम्हा शहाण्यांना एकदम आजी आठवली. बाबांची शुगर वाढली तेव्हा मी मुद्देच करत होते. तू त्यांना 'शुगर फ्री' बिस्किटं आणून दिलीस, डब्यावर डॉक्टरचं चित्र होतं म्हणून.

टोपाखाली मुद्दे झाकून ठेवलंय. सारूची पातळ आमटी स्वल्प गरम करून घे, तुकडा त्यात बुडव आणि तसाच गिळ. चावायचं नसतं. तुझ्या मागच्या जाहिरातीतली आजी मुद्दे चावत होती. आपलं अख्खं चामराजपेट हसलं, आणि का हसलं ते फक्त तुला कळलं नाही.

आई