चकतीकडे बघू नका

ती. आईस,

वाकून नमस्कार. वाकताना कंबर कुरकुरते, तेवढं चालवून घे.

मी बरा आहे, थोडा थकलोय. बर्फावरच्या हॉकीत कचेरीच्या संघाने मला बचावाला ठेवलंय. सेहेचाळिसाव्या वर्षी उलटं घसरत मागे जायचं आणि समोरच्याला कडेला रेटायचं. या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती असते. रविवारी मी चकतीवर झेपावलो, समोरच्याने हूल दिली आणि गोल झाला.

प्रशिक्षक म्हणाला, "अहो साहेब, चकतीकडे काय बघता? ती फसवते. माणसाच्या छातीकडे बघा. छाती वळते तिकडेच माणूस जातो."

घरी येऊन हे वहीत लिहिताना लाज वाटली. परवा फोनवर तू तीनदा "मी ठणठणीत आहे" म्हणालीस आणि मी त्या शब्दामागेच धावलो. बोलताना तुला धाप लागत होती. ती मला ऐकू आली होती. सोयीचं म्हणून मी ती सोडून दिली, असंच म्हणावं लागेल.

अजून दिवसातून चारदा जिना चढतेस का? पत्र मिळेल त्याच दिवशी ताईला घेऊन डॉक्टरांकडे जा. मी रजेचा अर्ज दिलाय.

रविवारी फोन करतो. तेव्हा काही सांगू नकोस. नुसता श्वास घे, मी ऐकतो.

तुझा,
धाकटा