आईच्या गाण्यात मी थांबले

सुक्रे, ईस्टरआधीचा शनिवार

बाबा, आशीर्वाद असू द्या.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पेत्रोना आत्यानं खीर पाठवली का?

काल गुड फ्रायडे, म्हणून घंटा बंद, ऑर्गनही बंद. आमचा विद्यापीठाचा गायकवृंद कॅथेड्रलमध्ये नुसत्या गळ्यावर गात होता. क्रुसाखाली उभ्या मारियामातेचं गाणं आलं. आपल्या गावी दरवर्षी आईच सुरू करायची ते. दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला. शेवटपर्यंत नुसतं तोंड हलवत उभी राहिले.

उपासना संपल्यावर आमचा गायकवृंद चालवणाऱ्या ओर्तेन्सियाबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तू थांबलीस? मला कळलंही नाही. अगं, एकाचा दम तुटला की शेजारच्यानं सूर धरायचा. म्हणून तर एवढी माणसं उभी करते. तुझ्या एकटीचा गळा ऐकायला कोण आलंय?”

निकानोर सांगत होता, आई गेल्यापासून तुम्ही गाणाऱ्यांत जातच नाही, चर्चच्या दाराशीच थांबता. माझ्याहून धाकटा, पण तुमची काळजी करतो.

पत्र आजच्याच बसनं पाठवतेय, रात्रीपर्यंत मिळेल. बाबा, उद्या ईस्टरला दाराशी थांबू नका, गाणाऱ्यांत पुढे जा. गाऊ नका हवं तर. नुसते त्यांच्यात उभे राहा, कोणाला कळणारही नाही.

तुमचीच,
बेनिता