बेटाचं पुस्तक

४ मे २०२५, रविवार

ते पुस्तक पुन्हा घरात आलं.

दीपिका सलोनीला, माझ्या नातीला, सुट्टीसाठी सोडायला आली. बॅगेतून कपड्यांच्या आधी तेच बाहेर! चित्र नवीन, कागद गुळगुळीत. आतली गोष्ट तीच – दोन भावंडं, एक होडी, एक बेट. दीपिका हसत सांगत होती, सहावीत असताना तिने ते गादीखाली लपवून वाचलं होतं, मी रागवेन म्हणून. माझीच लेक. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते पुन्हा या उंबऱ्याच्या आत आलेलंच नाही.

५ मे

दीपिका परत गेली. पुस्तक राहिलं.

६ मे

सलोनी दारापुढच्या खळ्यात बसून मोठ्याने वाचते. माझी आई शेजारी कोकमाची सोलं उन्हात घालत ऐकते. मी आत भांडी घासत राहिले – घासलेलीच.

‘भरती आली की बेट हाक मारतं.’ हे वाक्य आलं आणि मी नळ मोठा सोडला. मंगेश ‘हाक’वर जरा थांबायचा. सलोनीसुद्धा थांबते. तिला कोणी शिकवलं?

७ मे

लिहूनच टाकते. आजवर कुठे लिहिलं नाही.

मे १९७७. मी अकरा वर्षांची, माझा भाऊ मंगेश दहाचा. ते पुस्तक इतकं वाचलेलं की पानं सुटायला आली होती. घरामागच्या खाडीत जुवा आहे – माडांचं छोटंसं बेट. तेच आमचं बेट ठरलं. दुपारी मोठी माणसं आडवी झाल्यावर दोघं काठावर गेलो. होडी दुसऱ्याची. मंगेश चढला. मला पाणी बघून भीती वाटली, आणि ते बोलायची लाज वाटली. म्हटलं, तू हो पुढे, मी मागून येते.

होडी मी ढकलली.

ओहोटी लागलेली. होडी जुव्याकडे गेलीच नाही, खाडीच्या मुखाकडे गेली. तो हसत होता. मग हसायचा थांबला. मी घरी पळाले आणि आईच्या बाजूला झोपेचं सोंग घेऊन पडले.

तिसऱ्या दिवशी सापडला. मला काहीच माहीत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. आईने पुस्तक चुलीत घातलं.

पुढे शिक्षिका झाले. शाळेतली प्रत कपाटात, कुलपात ठेवली. तरी दर वर्षी कोणीतरी विचारायचंच – बाई, ते बेटाचं पुस्तक आहे? कुठून कळायचं त्यांना?

९ मे

पुस्तक तांदळाच्या पिंपात खोल खुपसलं. सलोनीने दिवसभर शोधलं. मला विचारलं. नाही पाहिलं, म्हटलं. त्याच पुस्तकापायी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

१० मे

दुपारी चार वाजता सलोनी घरात नाही. चपला नाहीत. खाडीपर्यंत कशी धावले ते आठवत नाही.

वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीत बसली होती. समोर शेजारच्या दोघी, भक्ती आणि अक्षया. गोष्ट सांगत होती – पुस्तकाशिवाय, तोंडपाठ. दोघी हलत नव्हत्या. मी माडाला धरून उभी राहिले. होडीच्या टोकाला चौथं कोणी बसलेलं दिसलं, पाठमोरं, ओल्या शर्टातलं. डोळे मिटून उघडले. तिघीच होत्या.

चुलीत घातलं, कुलपात ठेवलं, पिंपात पुरलं. पोरांना ते सापडतंच. आपण मोठी माणसं पोचणार नाही अशी एक जागा त्यांना हवी असते. ती या पुस्तकात आहे. आम्हालाही तिथेच मिळाली होती.

घरी येऊन पिंपातून काढून दिलं. मीच लपवलं होतं, हेही सांगितलं. ती चिडली नाही. पानांतले तांदूळ झटकले आणि वाचायला बसली.

११ मे

आज मी वाचलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी.

एवढी वर्षं मनाला समजावत आले, पुस्तकानेच त्याला नेलं. पण पुस्तकात भाऊ होडीत चढतो, बहीण घाबरते आणि तसं सांगते. सरळ सांगते. मग भाऊ उतरतो. दोघं काठावर बसून भरतीची वाट बघतात.

हे पान तेव्हाही होतं. शंभरदा वाचलेलं. माझ्या आठवणीतून तेवढंच कसं गेलं?

१२ मे

सकाळी आईला सगळं सांगितलं. सोलं परतता परतता ऐकत होती. मग तिने सांगितलं – होडीच्या मालकाने, लवूने, पलीकडच्या काठावरून पाहिलं होतं. त्याला पोचता आलं नाही. त्याच संध्याकाळी त्याने आईला सांगितलं. कुणाकडे बोलणार नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलं ते तिनेच.

“एक पोर दर्यान नेल्यान,” ती म्हणाली. “दुसरां मी कित्याक घालवू? तू कधी सांगतलंस म्हणान मी वाट बघी होतंय.”